कंबर अडतीस, सबब दावा मंजूर

न्यायापुढे सगळी माणसं सारखीच असतात. फरक इतकाच, की काहींच्या हातात अर्जाच्या तीन प्रती असतात आणि काहींच्या हातात दोन. दोनवाल्यांना तिसरी आणायला परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे. न्याय घाईघाईत मिळाला तर माणसाला त्याची किंमत राहत नाही.

किरकोळ रकमांच्या भांडणांसाठी आमच्याकडे वेगळं न्यायालय आहे. तळमजल्यावर, झेरॉक्सच्या शेजारी. इथे वकील लागत नाही (ते झेरॉक्सच्या रांगेत उभे राहून पहिला सल्ला फुकट देतात). फी माफक असते आणि निकाल झटपट लागतो, म्हणजे वादी हयात असताना.

आमच्या गल्लीतल्या शिंप्यानं इथे आपल्या साडूवर दावा लावला. साडूनं कोट-पँट शिवून घेतली होती, शिलाई चोवीसशे. "घरचाच माणूस आहे, पळून का जातोय?" असं म्हणून तो दोन वर्षं खरंच कुठे पळाला नाही, पैसेही दिले नाहीत. इकडे शिंप्याचं मशीन दुरुस्तीला गेलेलं. मेकॅनिक म्हणे, चोवीसशे ठेव आणि मशीन उचल. मशीन नाही तर धंदा नाही. बिचारा हातानं काज-बटणं करून दिवस ढकलत होता. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांनी एकमेकींचे फोन उचलणं बंद केलं (एवढाच काय तो दोन्ही घरांचा फायदा).

पहिल्या तारखेला साहेब रजेवर होते, दुसरीला साडू, तिसरीला फाईल. चौथीला सगळेच हजर झाले तेव्हा कारकुनाला जरा संशय आला.

साहेबांनी पावती मागितली. आता शिंपी काय पावत्या फाडतो? तो वहीत मापं लिहितो. त्यानं वही पुढे केली: कंबर अडतीस. साडू म्हणाला, ही मापं माझी नाहीतच, मी याच्याकडे रुमालसुद्धा शिवलेला नाही, माझी कंबर चौतीस.

साहेबांनी कंबर मोजायचा हुकूम दिला. कार्यालयाकडे सरकारी लाकडी फूटपट्टी होती, पण कंबर गोल असल्याचं निदर्शनास आल्यानं ती बाद झाली. शेवटी वादीच्याच गळ्यातली टेप, उभयपक्षी सही घेऊन, वापरायचं ठरलं. साडूनं पोट असं आत ओढलं की ते थेट पाठीला जाऊन भेटलं. पण नियम म्हणजे नियम: हुकूम आधी मोठ्यानं वाचायचा, मग अंमल. कारकून सावकाश वाचणारा. "ज्याअर्थी" ला साडू लाल झाला, "त्याअर्थी" ला जांभळा, आणि "सबब" ला त्याच्या पँटचं बटण तुटून घरंगळत शिंप्याच्या पायाशी आलं.

शिंप्यानं ते उचललं, त्यात अडकलेला दोरा पाहिला. "साहेब, हा टाका माझा आहे."

साडू एका हातानं पँट सावरत होता. सवयीचा गुलाम माणूस, बोलून गेला, "मग लावून दे की पटकन."

आणि शिंपीही असला भला, की त्यानं कॉलरमधून सुई काढली, गुडघ्यावर बसला आणि प्रतिवादीचं बटण भर न्यायालयात लावून दिलं. मजुरी सांगायचं विसरला. साहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि दावा मंजूर केला.

शिंप्यानं हात पुढे केला. कारकुनानं त्यावर निकालाची नक्कल ठेवली. न्यायालय पैसे देत नसतं, ते तुमचेच आहेत असं फक्त सांगतं. वसुलीचा अर्ज निराळा, प्रती तीन. एकूण हिशेब असा: फी, झेरॉक्स आणि चार दिवसांचा बुडालेला रोज मिळून सव्वीसशे खर्च; मिळकत, शिक्का मारलेला एक कागद. शिंप्यानं तो मेकॅनिकला दाखवला. मेकॅनिकनं शेवटपर्यंत वाचला, अभिनंदन केलं आणि मशीन तिथेच राहू दिलं. उलट, ते न्यायालय नेमकं कुठे आहे, अशी आपुलकीनं चौकशी केली.

आता वसुलीच्या अर्जासाठी चार पैसे जमवायला शिंपी जुनी वही घेऊन बाकी मागत दारोदार फिरतोय. काल मीही वही चाळली. माझी शिलाई देऊन टाकली, तेव्हाच हे लिहायला बसलो.

तुम्ही हसताय, हसा. मात्र परवा तो तुमच्या दारात येईल तेव्हा पोट आत ओढू नका. पान सत्तावीसवर तुमची कंबर मी स्वतः पाहिली आहे.