दोन निळे डबे

निवडीच्या सामन्याच्या दिवशी बांबू सकाळी साडेसहालाच हॉलमध्ये शिरला, आणि शिरल्या शिरल्या त्याच्या हातात फरशी पुसायचा दांडा आला.

"आलास? ये. जोडीला माणूस देतो म्हणाले होते, पण एवढा मोठा देतील असं वाटलं नव्हतं," सफाईच्या मावशी म्हणाल्या. त्या नेहमीच्या मावशींच्या बदली आजच आल्या होत्या. "पलीकडचं अर्धं मैदान तुझं. निळ्या डब्यातलं औषध घे."

"मावशी, मी खरं तर..."

"खरं-खोटं नंतर. आठला साहेब येतात."

बांबूला 'नाही' म्हणता येत नसे. सहा फूट पाच इंच उंची आणि अंगावर मांस नावापुरतं, म्हणून पोरांनी त्याचा पहिल्याच दिवशी बांबू केला, तेव्हाही तो 'नाही' म्हणाला नव्हता. या व्यावसायिक बास्केटबॉल संघात एकच जागा रिकामी होती. तिच्यासाठी नऊ नवखे सहा आठवडे घाम गाळत होते. बांबू सर्वांच्या आधी यायचा आणि सर्वांच्या नंतर जायचा. बाकीच्यांकडे कसब होतं, याच्याकडे चिकाटी. आज नवे विरुद्ध जुने असा सामना होता, आणि त्यानंतर निकाल.

सामानाच्या खोलीत निळे डबे दोन निघाले. दोन्हींवरची नावं पुसलेली. बांबूने दोन्ही हुंगले आणि ज्याचा वास चांगला, तो उचलला. मावशींनी झाकणभर घे म्हटलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. पण त्या काहीच बोलल्या नव्हत्या, आणि बांबूने आयुष्यात कुठलंच काम हातचं राखून केलं नव्हतं. त्याने अर्धा डबा ओतला आणि घासघास घासलं. जिथून बादली सरकवत नेली, ती कडेची पट्टी तेवढी सुटली. लाकडी फरशीत तोंड दिसायला लागलं.

"हात आहे हो तुझ्यात!" मावशी म्हणाल्या. बांबू लाजला आणि बूट चढवायला पळाला.

सामना सुरू झाला. त्या चकचकीत अर्ध्यात जुन्यांची बास्केट होती, म्हणजे ती वाचवायला जुने आणि चढाईला नवे. पहिल्याच चढाईत संघाचा सर्वांत धिप्पाड खेळाडू बांबूला अडवायला हात पसरून उभा राहिला आणि तसाच, हात पसरलेल्या अवस्थेत, मागे मागे जात जाहिरातीच्या फळीला टेकला. कोणी ढकललं नव्हतं. बांबू कडेच्या पट्टीवरून धावत होता. त्याने चेंडू टाकला. दोन गुण!

दुसऱ्या खेपेला दोघे धावून आले. एक बसला, दुसरा त्याच्यावर बसला. बांबूचे आणखी दोन गुण. नव्यांपैकीही तिघे लोळून उठले होते. पट्टीवरचा बांबू तेवढा ताठ.

"तोल बघा त्याचा, तोल!" कोच बाकावरून ओरडले. "सहा आठवडे हा लपला होता कुठे?"

बांबूलाही वाटलं, अखेर मेहनत फळाला आली! छाती दोन इंच फुगली. तेवढ्यात कप्तान धाडकन आपटला आणि घसरत थेट त्याच्या पायाशी आला. गुडघा धरून तो कण्हत होता, आणि त्याच्या घामेजल्या चड्डीला मोठा छान वास येत होता.

तो वास बांबूने ओळखला.

चेंडू हातात होता. समोर बास्केट मोकळी, अडवायला उभा असलेला माणूस एकही नाही. टाकला असता, तर जागा खिशात होती. पण पुढच्या वेळी गुडघा कोणाचा जाणार, हे काय सांगावं?

"थांबा!" बांबू ओरडला. त्याचा एवढा मोठा आवाज त्याने स्वतःही कधी ऐकला नव्हता. "कोणी हलू नका! फरशी मी पुसलीय!"

सगळे होते तिथेच थांबले. कोच खाली वाकले, त्यांनी फरशीवर बोट फिरवून हुंगलं. "हे खुर्च्यांचं पॉलिश आहे."

"डबा निळाच होता, सर."

"तू पुसायला गेलासच कशाला?"

"मावशी म्हणाल्या."

"आणि तू नाही म्हणाला नाहीस?"

बांबू फरशी पुसायचा दांडा आणायला निघाला.

कप्तानाचा गुडघा सुदैवाने नुसता खरचटला होता. फरशीवरचं पॉलिश उतरवायला तीन तास लागले. दुपारी सामना पुन्हा पहिल्यापासून झाला. आता सगळे पायांवर उभे असल्याने बांबूच्या पहिल्या चार फेकी वाया गेल्या. तरी तो थांबला नाही. सुटलेल्या प्रत्येक चेंडूवर त्याने झडप घातली, आणि शेवटच्या मिनिटाला, जुने सगळे कमरेवर हात ठेवून धापा टाकत असताना, हा अजून पळत होता. शेवटचे सहा गुण एकट्याचे.

कोचनी सर्वांना गोळा केलं. "जागा बांबूची. पळणारे खूप मिळतात. हातातला चेंडू सोडून खरं बोलणारा मला हा एकच दिसला."

कप्तानाने लंगडत येऊन पाठीवर थाप मारली. बांबूचे डोळे भरून आले.

"पण शिक्षाही होणार," कोच पुढे म्हणाले. "हंगामभर रोज सकाळी मावशींबरोबर हॉल पुसायचा."

"चालेल, सर!" बांबू लगेच म्हणाला.

मावशी तीन तास घासून घासून लालबुंद झाल्या होत्या. त्या कमरेला पदर खोचून पुढे आल्या.

"त्याला चालेल हो, मला नाही चालणार! तुमच्या संघात खुशाल घ्या," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे येणाऱ्याला काम यावं लागतं."