धर्म नव्हे, नातं

मिस वर्नेल टकेट यांनी हॉस्पिटलच्या फॉर्ममधल्या 'धर्म' या शब्दापुढे टपोऱ्या अक्षरात 'नाही' असं लिहिलं, आणि कुणाला शंका राहू नये म्हणून त्याखाली रेघही मारली. अक्षर सुंदर होतं. अडतीस वर्षं ओक होलो बाप्टिस्ट चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या चिमुरड्यांना फळ्यावर गिरवून दाखवलेलं अक्षर ते. आज बदलायचा होता तो गुडघा, हाताला काही झालेलं नव्हतं.

'नाही' लिहिताना त्यांच्या मनात पाप नव्हतं. त्यांचे पास्टर ब्रदर रॉयस गेली अकरा वर्षं दर रविवारी हेच तर सांगत होते. "मंडळी, ख्रिस्ती असणं हा धर्म नव्हे. धर्म म्हणजे नियम, टोप्या नि झगे. आपलं आहे ते नातं." यावर अख्खं चर्च 'आमेन' म्हणे, आणि मिस वर्नेल सगळ्यांच्या अर्धा क्षण आधी म्हणत.

त्यामुळे पुढचा रकाना आला तेव्हा त्यांना फॉर्म बनवणाऱ्याचं कौतुकच वाटलं. 'सर्वांत जवळचे नातेवाईक.' त्यांनी लिहिलं, 'जीझस.' 'नातं' पुढे लिहिलं, 'जिवलग.' 'पत्ता' पुढे लिहिलं, 'सदैव माझ्याबरोबर.' फॉर्म घेणाऱ्या खिडकीतल्या पोरीला येशूची साक्ष दिल्यासारखंही होईल, असा त्यात थोडा हिशेब होता.

हे सगळं वाचून थांबवू शकेल अशी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची नात डार्ला. पण तिच्या दहा महिन्यांच्या वायटने नेमकं त्याच वेळी आईच्या खांद्यावर दूध ओकलं होतं आणि डार्ला नळापाशी उभी राहून ब्लाऊज धूत होती. ती परत आली तोवर फॉर्म खिडकीतून आत गेला होता आणि आजीची चाकाची खुर्ची आतल्या दारापाशी पोचली होती.

"आत एक नातेवाईक चालेल," नर्स म्हणाली. "आणि पेशंटचा धर्मगुरू, असला तर. बाळ चालणार नाही."

"माझ्यासाठी थांबू नकोस ग," आजी म्हणाली. "ब्रदर रॉयस येतायत. हात धरून प्रार्थना झाल्याशिवाय मी सुई टोचून घेणार नाही. तुझे आजोबा ऑपरेशनला गेले होते तसेच, प्रार्थनेविना. आठ दिवसांत टाके उसवले."

अकरा वाजता ऑपरेशन होतं. सव्वादहा झाले होते.

खिडकीतल्या मारिसोलने फॉर्म हातात घेतला. जीझस ही अक्षरं तिच्या स्पॅनिश बोलणाऱ्या घरी 'हेसूस' अशी वाचतात, आणि तिच्या घरी हेसूस तीन होते, दोन मामा आणि एक चुलतभाऊ. शहात्तर वर्षांची बाई, जिवलग मित्र, राहतात एकत्र. मारिसोलला बरंच वाटलं. फोन नंबर मात्र नव्हता. तिने माइक ओढला.

"वर्नेल टकेट यांचे हेसूस, खिडकी क्रमांक तीनपाशी यावं. वर्नेल टकेट यांचे हेसूस."

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून एक मिशीवाला माणूस उठला. हेसूस बारेरा घरांची छपरं घालायचा. सकाळी हातोडी खिळ्याऐवजी अंगठ्यावर बसली होती आणि दोन तास तो टाक्यांची वाट बघत होता.

"वर्नेल तुमची वाट बघतेय," मारिसोल त्याच्या भाषेत म्हणाली. "सरळ जा, डावीकडची खोली. घाई करा."

वर्नेल ही टाके घालणारी बाई असणार, असं समजून तो घाईने आत गेला.

हे सगळं मांडीवर वर्नेलसाठी भट्टीत भाजून आणलेल्या कोंबडीच्या केसरोलचं भांडं धरून बसलेल्या ग्लेंडा फे यांनी पाहिलं. ग्लेंडा फे चर्चच्या प्रार्थनेच्या साखळीची पहिली कडी. म्हणजे कुणावर संकट आलं की त्या एकीला फोन करणार, ती दुसरीला, आणि अर्ध्या तासात सगळं ओक होलो गुडघ्यावर. प्रार्थनेसाठी माहिती लागते, आणि माहितीच्या बाबतीत ग्लेंडा फे काही कमी पडू देत नसत. त्यांनी फोन काढला.

"आपल्या वर्नेलसाठी प्रार्थना करायचीय. मी काही बोलत नाही, बाई, देव तिचं भलं करो. पण कुणी हेसूस म्हणून आहे."

दुसरीकडून तिसरीकडे जाताना हेसूस वर्नेलच्या घरात राहायला आला. चौथीकडे पोचेपर्यंत त्याने तिचं छप्पर फुकट घालून दिलेलं होतं. पावणेअकराला साखळीतल्या एकीचा डार्लाला फोन आला.

"डार्ला, बाळ, आजीने लग्न केलं ते आम्हाला कळवलं का नाही?"

"कुणी केलं?"

"आम्ही काय नावं ठेवणार होतो? फक्त केक केला असता."

डार्लाने वायटला कडेवर घेतलं आणि खिडकी गाठली. तिथे ब्रदर रॉयस आधीच उभे होते, घामाघूम. रस्त्यात बैलांनी भरलेला ट्रक आडवा झाला होता.

"वर्नेल टकेटना भेटायचंय."

"नातेवाईक आत गेलेत," मारिसोल म्हणाली. "एकालाच परवानगी आहे. तुम्ही कोण? रक्ताचं नातं?"

"कोकराच्या रक्ताचं," ब्रदर रॉयस येशूला कोकरू म्हणायच्या चर्चमधल्या सवयीने म्हणाले.

मारिसोलने काही लिहिलं नाही. "मग धर्मगुरू का?"

"तो शब्द आम्ही वापरत नाही, ताई."

"त्यांनीपण तेच लिहिलंय. धर्म नाही. आता धर्मच नाही तर गुरू कशाचा?"

अकरा वर्षांचं प्रवचन इतक्या थोडक्यात ब्रदर रॉयसनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी काचेतून फॉर्म पाहिला. डार्लाने त्यांच्या खांद्यावरून पाहिला, 'जिवलग' वाचलं, 'सदैव माझ्याबरोबर' वाचलं, आणि तिला हसू इतकं अनावर झालं की वायटही कारण न विचारता हसायला लागला.

"ब्रदर रॉयस, हे अक्षर आजीचं आहे, पण शब्द तुमचे आहेत."

"ताई, फॉर्म दुरुस्त करता येईल?" त्यांनी विचारलं.

"पेशंटच्या वतीने नात सांगू शकते. काय लिहू?"

"ख्रिस्ती," डार्ला म्हणाली.

"लिहिते. पण तो धर्म आहे ना? नाहीतर हे यंत्र घेत नाही. साहेब, तुम्ही सांगा, तुम्हाला सही करायचीय."

ब्रदर रॉयसनी मागे पाहिलं. ग्लेंडा फे भांडं घेऊन दोन पावलं जवळ सरकल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात अकराला सात कमी होते. ते काचेशी वाकले आणि पुटपुटले, "आहे."

"मोठ्याने बोला, मध्ये काच आहे."

"आहे. धर्म आहे."

मारिसोलने चिकटपट्टीचा बिल्ला छापला, 'धर्मगुरू', आणि काचेबाहेर येऊन तो त्यांच्या शर्टावर स्वतःच्या हाताने चिकटवला.

आत मिस वर्नेल पांढऱ्या चादरीखाली पडल्या होत्या आणि हेसूस बारेरा आपल्या धडक्या हातात त्यांचा हात धरून, डोळे मिटून, स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलत होता. दुखावलेला अंगठा त्याने वर धरला होता. मिस वर्नेलना एक शब्द कळत नव्हता. तरी योग्य ठिकाणी त्यांनी 'आमेन' म्हटलं, अर्धा क्षण आधी.

"हा कोण?" ब्रदर रॉयसनी हळूच विचारलं.

"त्याचं नाव म्हणजे जीझसच, असं नर्सने सांगितलं तेव्हा मी उठूनच बसले हो. मग त्याचा अंगठा दिसला. म्हटलं, हातात खिळे ठोकलेला दिसतोय, आणि माझ्यासाठी आलाय. हात जोडून दाखवत प्रार्थना येते का विचारलं, तर लगेच टोपी काढली त्याने." त्या नर्सकडे वळल्या. "माझा गुडघा पाच मिनिटं थांबेल. आधी या पोराला टाके घाल."

"मग मी करू प्रार्थना?" ब्रदर रॉयस म्हणाले.

"करा की. दोन झाल्या तर टाके जास्तच धरतील."

त्यांनी केली. थोडक्यात केली, आणि बरीच नम्रपणे.

गुडघा छान बसला. संध्याकाळी डार्लाने सात जणींना फोन करून लग्न मोडल्याचं कळवलं. दोघी खरोखर हळहळल्या.

ब्रदर रॉयस आपल्या ओट्यावर बायकोसमोर, लिंडेलसमोर, बसून शेंगा सोलत होते. घरात फोन वाजला. लिंडेल आत गेली, बराच वेळ "हो का, अगंबाई" असं करत राहिली आणि हात पुसत बाहेर आली.

"ग्लेंडा फे. साखळीवर नवीन विनंती आहे."

"आता कुणासाठी?"

"आपल्याच चर्चमधला एक भाऊ म्हणे, भला माणूस, या वयात धर्माच्या नादी लागलाय. नाव काही तिने सांगितलं नाही." लिंडेलने शेंगांचं टोपलं बाजूला ठेवलं आणि नवऱ्यापुढे हात केला. "ये, त्याच्यासाठी दोन शब्द मागू या."

ब्रदर रॉयसनी हातातली शेंग खाली ठेवली, बायकोचा हात धरला, डोळे मिटले आणि त्या भावासाठी अगदी मनापासून प्रार्थना केली.