चुंबकाचं तेल

मोरीच्या फळीवरची बाटली छायाला रिकामी दिसली. त्या बाटलीत तिची पीएच.डी. होती.

नाशिकच्या कॉलेजात शिकवता शिकवता ती जबरदस्त ताकदीच्या चुंबकांसाठी लोखंडी भुकटी बनवत होती. तिचे कण इतके बारीक, की एका केसाच्या जाडीत हजारभर सहज मावावेत. एकमेकांना चिकटून गोळे होऊ नयेत म्हणून ते तेलात ठेवावे लागत. कितीतरी घाणे फसल्यावर हा पहिला नीट उतरला होता. सोमवारी सकाळी मुंबईच्या यंत्रावर त्याची तपासणी होती आणि तो नंबर हुकला तर पुन्हा वर्षभर वाट पाहायची. रविवारी कॉलेज बंद, म्हणून बाटली घरी आली होती आणि गारव्याला मोरीत ठेवली होती.

अंगणात झेंडूच्या माळा ओवत बसलेल्या सासूबाईंना, चतुराबाईंना, तिने विचारले.

"ती माक्याच्या तेलाची बाटली व्हय?" त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांनी लावलं की. लय काळंभोर तेल, पांढरा केस दिसंना."

सासरे भिमाजी धाकट्या मुलाला, गोरक्षला, घेऊन त्याच्यासाठी मुलगी पाहायला पिंपळगाव बसवंतला गेले होते. तिथे छायाला मुद्दामच नेले नव्हते. मुलीची आजी भागीबाई यांनी आधीच मध्यस्थाकडून निरोप धाडला होता, की ज्या घरची थोरली सून कॉलेजात हिंडते, तिथे म्हाताऱ्या माणसांकडे बघतं कोण?

छायाने घरातले सगळ्यात दांडगे चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळले, रिकामी बाटली घेतली आणि स्कूटीला किक मारली.

पिंपळगावला पोहे खाऊन झाले होते. एरवी डोक्यावरची टोपी न काढणारे भिमाजी आज टोपी मांडीवर ठेवून, काळ्याभोर डोक्याने ऐटीत बसले होते. छायाने पदर सावरला, सगळ्यांना नमस्कार केला आणि सासूबाईंचा निरोप आहे असे सांगून भिमाजींना घरामागे नेले. तिथे द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटवर बसवून तिने हलक्या आवाजात सगळे सांगितले.

"इख तर नाय ना, पोरी?"

"नाही दादा, लोखंडच आहे. पण माझी सगळी मेहनत तुमच्या डोक्यावर आहे."

भिमाजींनी क्षणभर विचार केला. "मग काढ. पण सगळं नको काढू. आत पाव्हणे बसलेत."

छाया त्यांच्या केसांतून हळूहळू चुंबक फिरवू लागली. काळी भुकटी पिशवीला येऊन चिकटे. मग पिशवीतून चुंबक बाजूला केले, की भुकटी बाटलीत उतरे. तपासणीला चिमूटभर पुरणार होती. भिमाजींना ते चोळणे इतके आवडले, की त्यांचे डोळे मिटले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून भागीबाई हे सगळे पाहत होत्या. बैठकीत परतून त्यांनी निकाल दिला.

"एवढी शिकलेली सून, अन् सासऱ्याचं डोकं विंचरायला नाशकाहून इथवर आली. आमची पोरगी ह्याच घरात द्यायची."

गोरक्षचा चेहरा फुलला. भिमाजींनी टोपी घातली. सुपारी फुटली.

मुंबईहून अहवाल उत्तम आला. फक्त तिथल्या साहेबांनी खाली विचारले होते, की नमुन्यात दोन पांढरे केस आढळले, त्यांचे प्रयोजन काय?

लग्न झाले. नवी सून हर्षाली घरात रुळली आणि एका सकाळी तेलाची वाटी व फणी घेऊन ओटीवर आली.

"दादा, बसा. आजीनं बजावलंय, ह्या घरात सुना सासऱ्याचं डोकं विंचरतात."

भिमाजींनी मदतीसाठी छायाकडे पाहिले. छाया पेपर तपासण्यात अगदी गढून गेली होती. त्यांनी टोपी काढली आणि फणीसमोर निमूट मान वाकवली.