ट्यूबलेस टायर आणि पहिलटकरणीचा चीक

माणसाची प्रगती त्यानं काय मिळवलं यावरून नव्हे, तर काय काढून टाकलं यावरून मोजावी. गाडीचा बैल काढला, फोनची वायर काढली, आणि आता सायकलच्या टायरमधली ट्यूब काढली. ट्यूबच नाही म्हटल्यावर ती पंक्चर होणार कशी, हा युक्तिवाद बिनतोड आहे. हवा जाते ती निराळ्या कारणांनी.

उत्रोलीच्या अभिषेकला हा युक्तिवाद पुरता पटला होता. भोरच्या एका कार्यालयात तो आवक-जावक लिपिक. डोंगरात चालवायच्या त्याच्या सायकलीच्या टायरला देखभाल लागत नव्हती, म्हणून त्यानं देखभालीचं फक्त अत्यावश्यक सामान घेतलं होतं. रिमला आतून चिकटवायची पट्टी (ती सुटते, म्हणून आणखी एक), चार व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हची चावी, चावी हरवल्यास पक्कड, जनावराच्या डॉक्टरकडे असते तेवढी सिरिंज, भोकात कोंबायच्या रबरी वाती, आणि एक दांडगा पंप, जो मारायला घेतला की शेजारच्या कोंबड्या अंड्यांवरून उठत. शिवाय सीलंट, म्हणजे टायरमध्ये सोडायचं दुधासारखं पांढरं औषध. भोक पडलं की ते तिथं जाऊन गोठतं. भोक नाही पडलं तर नुसतंच गोठतं.

हवेची नोंद तो रीतसर ठेवी. सकाळी आवक तीस पौंड, संध्याकाळी जावक तीस पौंड, कारणाच्या रकान्यात 'चौकशी सुरू'. पुण्याहून दर रविवारी भोरकडे येणाऱ्या बारा सायकलवाल्यांच्या ग्रुपबरोबर तो चार वेळा निघाला होता. पूर्ण केलेल्या फेऱ्या निरंक. तरीही तो इथला, म्हणून येत्या रविवारी भाटघर धरणाच्या पाण्याकाठची वाट त्यानं दाखवायची, असं ग्रुपच्या शेफालीमॅडमनी जाहीर केलं होतं. पाचव्यांदा टेम्पोतून घरी यायची वेळ आली, तर पुन्हा त्या लोकांना तोंड दाखवायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

ग्रुपनं सीलंटचा मोठा कॅन आणून सगळ्यांना पाण्याच्या बाटल्यांतून वाटून दिला. थंड जागी ठेवावे, अशी सूचना होती. घरात थंड जागा एकच.

"ह्ये काय ठेवतुयास रं फ्रीजात?" आई फुलाबाईंनी विचारलं.

"चीक हाय, आये. रबराच्या झाडाचा."

फुलाबाईंच्या कानात 'चीक' तेवढा राहिला. त्याच दिवशी शेजारच्या अंबूबाईंची म्हैस व्याली आणि रिवाजाप्रमाणे ताजा चीक घरी आला, तोही पाण्याच्याच बाटलीतून. फुलाबाईंनी तो फ्रीजच्या दारात ठेवला आणि आधीची बाटली आत सरकवली.

शनिवारी सकाळी अभिषेकनं अंगणातून हाक दिली, "आये, चीक कुठं हाय?"

"दारात हाय की! फुडंच!"

दोघांपैकी कोणीही खोटं बोललं नव्हतं. अभिषेकनं अंबूबाईंच्या म्हशीचा चीक सिरिंजनं मोजून दोन्ही टायरांत सोडला, ठरल्याप्रमाणे चाकं फिरवली आणि सायकल उन्हानं तापलेल्या पत्र्याच्या शेडखाली उभी केली. संध्याकाळी आवक तीस पौंड, जावक निरंक. त्याला आनंदानं जेवण गेलं नाही.

इकडे फुलाबाईंनी आतली बाटली पातेल्यात रिकामी केली. वास जरा उग्र होता, पण म्हैस पहिलटकरीण होती. गूळ, वेलची घालून खरवस कुकरला लावला. झाला उत्तम, फक्त सुरी टेकवली की परत यायची. फुलाबाईंनी तो खापरासारखा उकिरड्यावर टाकला आणि म्हशीला जरा पातळ खायला घाला, असा निरोप अंबूबाईंना धाडला.

रविवारी अभिषेक सगळ्यांत पुढे होता. भोरच्या अलीकडे बाभळीचा काटा लागला. टायर फुसकारला आणि भोकातून पिवळसर तुकडे उडाले. मागे पाहिलं तर गावातली तीन कुत्री ग्रुपमध्ये सामील झाली होती.

"आपलं सोडून कुठलं सीलंट घातलंत हो?" शेफालीमॅडमनी नाकाला रुमाल लावून विचारलं.

"ऑरगॅनिक," अभिषेक म्हणाला. "तुम्ही पुढं होऊन मिसळ सांगा. मी जरा रूटची पाहणी करून येतो."

ते दिसेनासे झाल्यावर त्यानं सायकल खांद्यावर टाकली आणि फाट्यावरच्या रतनमामांचं पंक्चरचं दुकान गाठलं. ट्यूब काढल्यापासून दोन वर्षं तो या दुकानावरून मान वळवून जात असे. मामांनी टायर उघडला, वास घेतला.

"ह्यो खरवस न्हवं का? निम्मा दही झालाय. वेलची ऱ्हायली बग घालायची."

अभिषेकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो हळूच म्हणाला, "मामा, आत ट्यूब टाका. पन कुनाला बोलू नका."

"न्हाई बोलत," मामा ट्यूबला हवा भरत म्हणाले. "त्या बारा जनांतल्या नवांच्या टायरात म्याच ट्यूब टाकलीया. समदे रूटची पाहणी कराया हितंच येत्यात आन् हेच सांगून जात्यात."

"आन् बाकीचे तिघं?"

"त्ये आजून सायकल ढकलत येत्यात."

अभिषेकची फेरी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण झाली. मिसळीनंतर ट्यूबलेसचे फायदे या विषयावर तो अर्धा तास बोलला. नऊ जणांनी जोरात माना हलवल्या.

ते नऊ जण कोण, हे आम्ही नंतर मामांना खोदखोदून विचारलं. पण गडी गुपित पोटात ठेवणारा. तुमचं नाव काही त्यांनी सांगितलं नाही.