जावईबापूंचं ट्यूनिंग

भगवंतरावांच्या दूध संकलन केंद्रातला कॉम्प्युटर हळू चालायचा, हे खरं होतं. पण तो चालायचा. बेल्ह्याच्या अलीकडच्या त्या वाडीतली माणसं सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन येत, काट्यावर दूध ओतत, कॉम्प्युटर जरा विचार करी आणि मग पावती बाहेर टाकी. तेवढ्या वेळात रांगेतल्या मंडळींची एकमेकांच्या सुनांबद्दलची चौकशी पुरी होई. त्यामुळे या हळूपणाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार केली ती जावयाने.

स्वराज अधिक महिन्याचे धोंडे जेवायला सासरी आला होता. पुण्यात एका कंपनीत तो सर्व्हरच्या विभागात होता. तिथे सर्व्हरला हात लावायची त्याला परवानगी नव्हती. काही बिघडलं की वरच्या साहेबाला फोन करायचा, एवढंच त्याचं काम. त्यामुळे त्याचे हात सारखे शिवशिवत असत. त्यात अधिक महिन्यातला जावई म्हणजे साक्षात नारायण. नारायणाला पासवर्ड देत नाही, असं भगवंतराव कोणत्या तोंडाने म्हणणार?

"मामा, यात लिनक्स आहे, आणि तुम्ही ते आहे तसंच वापरताय!" स्वराज खुर्चीत बसत म्हणाला. "कर्नेल ट्यूनच केलेलं नाही कुणी."

"म्हंजी काय करायचं व्हतं?"

"कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. त्याच्या सेटिंग कमांड लाइनवरून बदलायच्या. पाच मिनिटांचं काम."

"पर पावती तर निगतीया की."

"निघते हो मामा. पण कशी निघते!"

पावती याहून वेगळी कशी निघते, हे भगवंतरावांना कळेना. ते आणखी काही विचारणार तोच दारातून सासूबाईंचा, म्हणजे साळुबाईंचा आवाज आला, "करू द्या की त्यास्नी! घरचं माणूस हाय."

काळा पडदा उघडला. स्वराजने पहिली आज्ञा दिली, ती अशी की मशीनने थोडी मेमरी नेहमी मोकळी राखून ठेवावी. किती, तो आकडा टाकताना त्याच्या एका हातात भजं होतं, त्यामुळे शून्य एक जास्त पडलं. दुसरी आज्ञा अशी की मेमरी कमी पडून मशीन अडकलंच तर आपोआप रीस्टार्ट व्हावं.

"एरवी या सेटिंग मशीन बंद केलं की पुसल्या जातात," तो म्हणाला. "पण मी फाइलीत कायमच्या लिहून ठेवतो. आपलं काम तात्पुरतं नसतं."

त्याने एंटर दाबलं. पडदा गोठला, विझला, पुन्हा उजळला, त्यावर कॉम्प्युटरच्या कंपनीचं चिन्ह आलं, आणि पुन्हा विझला.

"ह्ये काय करतंय?" भगवंतरावांनी विचारलं.

"ॲडजस्ट होतंय. सकाळपर्यंत सेट होईल."

सकाळी प्रयागबाई कॅन घेऊन रांगेत पहिल्या उभ्या राहिल्या, तेव्हा कॉम्प्युटर ॲडजस्टच होत होता.

"भगवंता, ह्ये सारखं डोळं का मिटतंय रं?"

"जावईबापूंनी नवीन केलंय."

"नवीन केलंय, मग जुन्यावानी तरी चालू दे की!"

साळुबाईंनी डोळे वटारले. जावई माडीवर झोपलेला होता आणि झोपलेल्या जावयाला उठवायची रीत त्या घरात नव्हती. पावतीशिवाय दूध कोण घालणार? प्रयागबाईंनी कॅन उचलला आणि रस्ता ओलांडून समोरच्या गेणभाऊंच्या केंद्रात गेल्या. त्यांच्यामागे अख्खी रांग गेली. चार दिवस समोर जायची सवय लागली, तर ही माणसं पुन्हा इकडे कशाला फिरकतील? केंद्राला कुलूपच लावावं लागलं असतं.

ते मुलीला, श्रेयाला, बाजूला घेऊन म्हणाले, "झालंय तरी काय त्याला?"

"आपण माडीवरची खोली ह्यांच्यासाठी मोकळी ठेवली आणि घरातले सगळे ओसरीवर झोपतोय ना, तसं झालंय. कॉम्प्युटरनं सगळी जागा पाहुण्यासाठी राखून ठेवलीय. पावतीला बसायला जागाच नाही, म्हणून ते सारखं बंद-चालू होतंय."

"मंग सांग की, काढ म्हणावं."

"सांगितलं. ते म्हणाले, सेटिंग बरोबरच आहे, कॉम्प्युटरची लायकी नाही."

भगवंतरावांनी कॉम्प्युटर बसवून दिलेल्या कंपनीला फोन लावला. माणूस परवा येईल, असं उत्तर मिळालं. ते तरातरा माडीकडे निघाले, तर साळुबाई जिन्यातच आडव्या उभ्या राहिल्या. "एक शबुद बोलायचा न्हाई. महिना कंचा हाय, ध्यानात हाय ना?" भगवंतराव आल्या पावली परत फिरले.

संध्याकाळीही सगळं दूध समोरच गेलं. मग जखमेवर मीठ चोळायला गेणभाऊ स्वतः आले, नारळ, टॉवेल आणि टोपी घेऊन. मागोमाग दूध घालून मोकळी झालेली मंडळीही गंमत बघायला आली.

"पावणं, तुमच्या पायगुणानं लई दूध आलं बगा," गेणभाऊ स्वराजला टोपी घालत मोठ्याने म्हणाले. "कॅन ठिवायला जागा न्हाई. भगवंताचा जावई तो अख्ख्या गावाचा जावई, आन् गावाचा जावई तो माजा जावई!"

माणसं तोंडाला हात लावून हसली. भगवंतरावांचे कान लाल झाले. स्वराजला मात्र त्यातलं काही उमगलं नाही. कंपनीत आजवर त्याचा असा सत्कार कुणी केला नव्हता.

"काका, तुमचा कॉम्प्युटर कसा चालतो?"

"ब...बराय की."

"बरा म्हणजे हळूच. कर्नेल ट्यून केलेलं नसणार. चला, आत्ता करून देतो."

गेणभाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. "नगं, नगं! तुमी कशाला तरास घेता? पावण्यानं आराम करायचा."

भगवंतराव आता पुढे झाले. "असं कसं, गेणभाऊ? तुमचाच जावई हाय, आत्ताच बोलला न्हवं का? समद्यांनी ऐकलंय."

गेणभाऊंनी गर्दीकडे पाहिलं. गर्दीने माना डोलावल्या.

"आन् धोंड्याचा महिना हाय, बाबा," प्रयागबाई गंभीरपणे म्हणाल्या. "जावयाला न्हाई म्हणू ने."

स्वराज टोपी सावरत पुढे आणि गेणभाऊ घाम पुसत मागे, असे दोघे रस्ता ओलांडून गेले. भगवंतराव पायरीवर टेकले. थोड्याच वेळात समोरच्या खिडकीतला उजेड विझला, लागला, पुन्हा विझला. कंपनीचा माणूस परवा येणार होता आणि त्याच्याकडे पहिला नंबर भगवंतरावांचा लागलेला होता.

"जावईबापू कुटं गेलं?" साळुबाईंनी आतून विचारलं.

"कामाला," भगवंतराव म्हणाले. "आन् ऐक, आज त्येंच्या ताटात तूप जरा हात सैल सोडून वाढ."