शेडगेकाका आणि दहावा भाग

सिनेमा संपून पडद्यावर नावं सरकायला लागली की लोक पॉपकॉर्नचे डबे खुर्चीखाली ढकलून उठतात. पण सीवूड्स स्टेशनाजवळच्या मॉलमधल्या थिएटरात अशा वेळी मधल्या रांगेतून एक खणखणीत आवाज येतो, "बसा! माल अजून लाइनवरनं उतरला नाय!" आणि लोक चक्क बसतात. मी स्वतः बसले आहे. माझा नवरा तर सिनेमाला झोपण्यासाठीच येतो; तोही दचकून जागा होतो आणि शहाण्यासारखा ताठ बसतो.

हा आवाज बाजीराव शेडगे यांचा. आमच्या सोसायटीत ते आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे साताऱ्याकडचे. पावणे एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मी शाळेत मराठी शिकवते. पहिल्या भेटीतच काका मला म्हणाले होते, "मॅडम, तुमी पेपर तपासता, मी माल तपासतो. आपन एकाच खात्यातले." तेव्हापासून माझ्यावर त्यांचा लोभ आहे.

तपासायला त्यांच्याकडे आता एकच माल उरलाय, 'आसमानी दस्ता'. ही एक परदेशी सिनेमांची मालिका. काका ती हिंदीत डब झालेली बघतात. आकाशात उडणारे सहा वीर, त्यांचा म्होरक्या कॅप्टन ब्रॅम आणि दर दीड-दोन वर्षांनी न चुकता धोक्यात येणारी पृथ्वी. पहिले तीन भाग खरंच झकास होते. चौथ्यापासून जे बिघडलं ते बिघडलंच.

कारखान्याचं कामकाज कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा जुनी छापील रिपोर्ट पॅडं रद्दीत निघाली होती. काकांनी ती स्कूटरला बांधून घरी आणली. सिनेमा बघून आले की त्यावर लाल पेनाने रीतसर रिपोर्ट लिहायचा. सातव्या भागाचा रिपोर्ट मी वाचलाय. 'दोष क्र. १: कॅप्टन ब्रॅम पाचव्या भागात मेला. सहाव्यात उठला. सातव्यात परत मेला व परत उठला. स्वरूप: गंभीर.' 'दोष क्र. ४: खलनायक दुसऱ्या दुनियेतून आला असे सांगितले. कोणत्या, ते सांगितले नाही.' 'दोष क्र. ९: अंधार. मारामारी कोण कोणाशी करतो कळत नाही. दिवे लावावेत.' खाली शेरा: 'लॉट नामंजूर', आणि सही. मग हा रिपोर्ट वितरकांच्या मुंबईच्या ऑफिसला रजिस्टर पोस्टाने जातो. उत्तर आजवर आलेलं नाही.

"नाय येऊ दे," काका म्हणतात. "वाचलं नाय, तर तो त्यांचा दोष. पाठवलं नाय, तर माझा."

एकदा लिफ्टमध्ये मी सहज विचारून बसले, "काय काका, कसा होता आठवा?" लिफ्ट तळमजल्यावर पोचली, दार उघडलं, मिटलं, आम्ही पुन्हा वर गेलो, पुन्हा खाली आलो. काकांचं चालूच. "आवो मॅडम, पाचव्या भागात ह्यो ब्रॅम मेला तवा मी रडलो. खरं रडलो, रुमाल भिजला. आन आता म्हनतात तो मेलाच नव्हता! मग माझं रडनं परत द्या की! मेलेल्या मानसाची काय इज्जत हाय का नाय?"

नववा भाग यायच्या आधी तर कमाल झाली. आम्हा अडाण्यांना आधीची गोष्ट समजावी म्हणून काकांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने नकाशा काढला. आठ भाग, फोनवर बघायच्या दोन मालिका आणि एकूण तीन दुनिया. कोण कुठे मेला, कुठून उगवला, सगळे बाण काढले. बाण काढत काढत ते कुलकर्ण्यांच्या गाडीपर्यंत गेले आणि थेट बेल वाजवून म्हणाले, "जरा गाडी मागं घेता का? तिसरी दुनिया तुमच्या चाकाखाली हाय." कुलकर्णी लुंगीवर खाली आले आणि त्यांनी गाडी मागे घेतली. काकांना नाही म्हणणं कुणालाच जमत नाही, कारण त्या माणसात लबाडी औषधालासुद्धा नाही.

कारखान्यातली त्यांची एक गोष्ट मला त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने सांगितली. एकदा माल पास करून ट्रक रवाना झाला आणि जेवताना काकांना एका खोक्याची शंका आली. हात न धुता स्कूटर काढली, तुर्भ्याला ट्रक गाठला, रस्त्याच्या कडेला खोकी उघडली आणि दोनशे व्हॉल्व्हमधला एक बाजूला काढला. साहेब चिडले, "एकच होता ना, शेडगे?" काका म्हणाले, "ज्याच्या घरी लागला आसता त्याला तो एकच आसता." मला ही गोष्ट फार आवडते. दहावीचे पेपर तपासताना कंटाळा आला की मी ती आठवते.

पण एवढं चिडायचं तर बघायचं कशाला? मी विचारलं तर म्हणायचे, "न बघता रिजेक्ट कसं म्हननार?" हे मला कधी पटलं नव्हतं. खरं कारण आमच्या बाल्कनीत कळलं.

कारखान्यातल्या पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या दणदणाटाने काकांचे कान थोडे गेलेत, त्यामुळे ते बाल्कनीत बसून फोन स्पीकरवर टाकून बोलतात. खाली आमची बाल्कनी. त्यांचा मुलगा निखिल जर्मनीत असतो. दर रविवारी संध्याकाळी फोन. "जेवलास?" "हो. तुम्ही?" "हो. थंडी हाय?" "आहे." "बरं." "बरं." संपलं. काकू होत्या तोवर त्याच बोलायच्या आणि काका मागून ओरडून भर घालायचे. पाचवा भाग आला त्याच वर्षी काकू गेल्या, आणि दोघा पुरुषांच्या हातात नुसते फोन उरले.

मात्र 'आसमानी दस्ता'चा भाग आला की पुढचे पाच-सहा रविवार दीड-दीड तास दणक्यात जायचे. "बाबा, ते यान पाण्याखाली कसं चाललं?" "सील कुठं होतं त्याला? मी डोळं फाडून बघितलं!" मग दोघांचं हसणं. काकांना खदाखदा हसताना मी फक्त त्या फोनवर ऐकलंय. त्या भांडणाच्या मध्येच कुठेतरी निखिल सांगून जायचा की नोकरी बदलली, पाठ धरलीये, एक मुलगी आवडलीये. काकाही सांगून जायचे की गुडघा दुखतो, आईचं कपाट अजून आवरलं नाय. सिनेमा जितका टाकाऊ, तितका फोन लांब. हे लक्षात आल्यापासून मी त्या मालिकेला नावं ठेवणं सोडून दिलं.

आणि मग जाहिरात आली: भाग दहावा, अखेरचा. सोसायटीतल्या सगळ्यांना वाटलं काका सुटले. काका मात्र जिन्यात मला म्हणाले, "शेवटचा हाय म्हनतात, मॅडम."

"काही खरं नाही," मी म्हटलं. "त्यांच्यात मेलेला माणूस उठतो, मालिका नाही उठणार?"

ते हसले नाहीत.

पहिल्या दिवशी पहिल्या शोला आम्ही तिघं गेलो. आणि काय सांगू, दहावा भाग चांगला निघाला! नुसता चांगला नव्हे, सुरेख. गोष्ट सरळ, उजेड भरपूर, म्हातारा झालेला ब्रॅम शेवटी शांतपणे मरतो आणि मेलेलाच राहतो. माझा नवरा एक क्षणही झोपला नाही. नावं संपली, दिवे लागले, झाडूवाले आत आले. नावांनंतर दर वेळी दाखवतात तो पुढच्या भागाचा तुकडा काही आला नाही. काका तरी बसूनच होते. दोष टिपायची मांडीवरची वही कोरी.

"मॅडम, पास हाय," ते म्हणाले. "एक पन दोष नाय." इतक्या पडेल आवाजात पास झाल्याचं सांगणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही.

रविवारी वरून आवाज आला. "बघितलास?" "बघितला. तुम्ही?" "बघितला. चांगला होता." "मस्तच होता, बाबा." "ब्रॅम गेला." "हो. नीट गेला पण." "हां. जेवलास?" चार मिनिटंसुद्धा झाली नसतील.

सोमवारी सकाळी काका दारात. "मॅडम, परत येता का बघायला? तुमची नजर पेपर तपासायची हाय. कायतरी सापडंल." त्यांना काय हवं होतं ते मला ठाऊक होतं, म्हणून शनिवारी दुपारी मी गेले.

त्या दुपारी मी जीव तोडून चुका शोधल्या. "काका, बांगडी बघा, आधी डाव्या हातात होती!" "आरशात बघतीय ती," काका म्हणाले. मग मी थाप मारली, "ब्रॅमच्या शर्टाचा रंग आधी निळा होता." काकांनी माझ्याकडे वळून बघितलं. "खोटा दोष लिहायचा नाय, मॅडम. चांगल्या कारागिराचं नाव जातं त्यात." मी ओशाळले.

सिनेमाच्या मध्यावर एक मोठा पूल कोसळतो, आणि अगदी शेवटी ब्रॅमची मुलगी एका पुलावर उभी असते. ते बघून मी खुर्चीतून उडालेच. "काका, पूल तर पडला होता!"

"पडला तो दक्षिनेचा, चार खांबांचा," काका शांतपणे म्हणाले. "ह्यो उत्तरेचा. सहा खांब हायत. मोजा." मी मोजले. सहाच होते. "काय काम केलंय गड्यांनी," काका पुटपुटले, आणि त्यांनी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. वर फोन वाजला.

"जेवलास?"

"हो. बाबा, मी काल परत बघून आलो. दहावा."

"परत? कशापायी?"

"असंच." निखिल म्हणाला. "बाबा, एक विचारू? तो पूल मध्येच पडतो ना? मग शेवटी ती पुलावर उभी कशी?"

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. चार खांब आणि सहा खांब, एका वाक्यात सांगून होणारी गोष्ट. काकांनी ती मला सांगितली होती, आणि बरोबर सांगितली होती.

"आयला!" काका म्हणाले. "खरं की रं! ह्ये माझ्या नजरंतनं सुटलं बघ."

"मोठी चूक आहे ना?"

"मोठी? लई मोठी! थांब, खुर्ची घेतो." वर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "हां, बोल आता. पहिल्यापासनं सांग. आन घाई करू नको, मला काय काम नाय."

ओले कपडे बादलीत तसेच टाकून मी आत आले आणि बाल्कनीचं दार हळूच ओढून घेतलं.