सरका जरा, कार्पिंचोराव

"ही जी कोण पोरगी आहे ना, हिला तिची आई कळलेलीच नाही," चष्मा कपाळावर ढकलून फोन डोळ्यांशी नेत ओफेलियाबाई म्हणाल्या, आणि समोर जेवणाऱ्या त्यांच्या मुलीच्या, रेनाताच्या, घशात पास्ता अडकला.

फोनवरची ती चित्रकथा रेनाताच काढत होती, अर्थात निनावी. त्यातल्या मुलीच्या छातीवर रोज सकाळी एक कार्पिंचो, म्हणजे पाणथळीतला घुशीच्या जातीचा पालाखाऊ प्राणी, येऊन बसतो. डुकराएवढा, ओलाचिंब, आणि स्वभावाने अत्यंत सभ्य. तो चावत नाही, ओरडत नाही, नुसता बसतो. त्यामुळे मुलीला उठताच येत नाही. मग न्याहारीच्या वेळी गोळी येते. गोळी म्हणजे छत्री घेतलेली एक ठेंगणी बाई. ती कार्पिंचोला हाकलून देत नाही. "सरका जरा," एवढंच म्हणते. तो कुरकुरत वीतभर सरकतो, आणि तेवढ्या जागेतून पाय खाली सोडून मुलगी आंघोळीला जाते.

"कार्पिंचो म्हणजे आई. उघड आहे!"

"आई, कार्पिंचो म्हणजे कार्पिंचो."

"तीस वर्षं दर गुरुवारी डॉक्टर सारूबींच्या कोचावर पडून बोलतेय मी. मला नको शिकवूस."

बाईंच्या अल्माग्रो वस्तीत मनाच्या डॉक्टरांकडे कोचावर पडून बोलण्याची कुणालाच लाज नव्हती. भाजी घेतानासुद्धा लोक एकमेकांना आपापल्या डॉक्टरांचं कौतुक ऐकवत. शेजारची नेलिदा एकदा नवऱ्याला चुकून कुत्र्याच्या नावाने हाक मारून बसली, तर बाईंनी जिन्यातच तिच्या संसाराचं निदान केलं होतं. चुकून बोललेलंच खरं, यावर त्यांची श्रद्धा होती. लाज होती ती नैराश्यावरच्या गोळ्यांची. "ज्यांच्याकडे बोलायला काही नसतं ना, ते गोळ्या घेतात," असं त्या ठणकावून सांगत.

आणि रेनाता सहा महिने गोळ्या घेत होती. आईला कळलं तर ती रागावेल याची तिला भीती नव्हती. आई हिरमुसली, "सोड गं" म्हणाली, तर आपण खरंच सोडू आणि तो प्राणी पुन्हा छातीवर येऊन बसेल, ही भीती होती.

इथवर निभावलं असतं. पण बाई निवृत्त भूगोल शिक्षिका. वाचलं की शेरा मारल्याशिवाय त्यांना राहवेना. प्रत्येक भागाखाली त्या स्वतःच्या पूर्ण नावानिशी लांबलचक लिहू लागल्या. "पोरी, केस धुतलेस का? तुझ्या आईला फोन कर." रेनाता अनोळखी लेखिकेच्या सोज्वळपणाने उत्तर देई, "धुतले, बाई. आभारी आहे." आई समोर असताना जे बोलता येत नसे, ते ती तिथे बिनदिक्कत लिहून टाकी. सकाळी रडू येतं, कधीकधी येतही नाही, ते जास्त वाईट, वगैरे. बाईही तिथे मऊ होत. एरवी सगळ्यांची निदानं करणाऱ्या बाई "मला कळत नाही गं यातलं, पण वाचतेय," असं लिहून गेल्या.

मग एके दिवशी त्यांनी लिहिलं, "रविवारी जेवायलाच ये. बटाट्याचे न्योकी करते. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, हल्ली गप्प गप्प असते. तू भेटलीस तर तिला बरं वाटेल."

रेनाताने तीनदा नकार लिहिला, तीनदा पुसला. शेवटी दाराची बेल वाजली, त्या घाईत होकार पाठवून मोकळी झाली. आयत्या वेळी पाहुणी येणार नाही, एवढाच तिचा बेत होता.

रविवारी टेबलावर तीन ताटं होती.

"आली नाही वाटतं तुझी पाहुणी?" रेनाता शक्य तितक्या सहज म्हणाली.

"आली की."

बाईंनी फोन तिच्यापुढे धरला. पडद्यावर लेखिकेचा होकार होता: "हो आई, येते."

"बाई लिहायचं होतं मला," रेनाता पुटपुटली.

"माहितीये. म्हणून तर कळलं."

लहानपणी फुलदाणी फोडल्यावर यायचा तसा रेनाताचा आवाज निघाला. "आई, सोडू का मी गोळ्या?"

तीस वर्षांत पहिल्यांदाच बाईंकडे बोलायला काही नव्हतं.

"आजची घेतलीस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"विसरले. तुझ्या भीतीनं."

बाईंनी पेला भरून तिच्यापुढे ठेवला आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग डोळे पुसत स्वयंपाकघरात गेल्या.

रेनाता हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. तेवढ्यात तिचं लक्ष तिसऱ्या ताटाकडे गेलं. त्यात नुसता लेट्यूसचा पाला होता.

"आई, हे कुणाला?"

"तो काय तुला सोडून राहणारे थोडाच? मग उपाशी कशाला ठेवायचा?" आतून उत्तर आलं.

न्योकीचं वाफाळतं भांडं घेऊन बाई आल्या. रेनाताकडे जायची वाट तिसऱ्या ताटासमोरच्या रिकाम्या खुर्चीने अडवली होती. बाईंनी खुर्चीला कमरेने हलकेच ढकललं.

"सरका जरा," त्या म्हणाल्या.